वरची उलटी फिरते

आमच्या वहिनीला कशाचाही हेवा वाटू शकतो. शेजारणीच्या दोरीवरचे कपडे आपल्या आधी वाळले, तरी तिच्या पोटात दुखतं. "बघितलंत ना ताई, ऊनसुद्धा तिकडेच जातं," असं म्हणते आणि वाळत आलेले कपडे पुन्हा पिळायला घेते. आता उन्हाचं आणि शेजारणीचं काय साटंलोटं असणार? पण वहिनीला ते दिसतं. तिला सगळीकडे साटंलोटंच दिसतं.

मी तिची नणंद. शिवणकाम करते. लग्न केलं नाही, भावाच्याच घरात राहते. रस्त्याकडच्या खोलीत माझं मशीन आहे, आणि त्या खिडकीतून मला अर्धी गल्ली दिसते. उरलेली अर्धी वहिनी सांगते. गल्लीत तिला 'ठसका' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. बाई मनानं वाईट नाही हं, उगाच कशाला बोलू. मला ताप आला तेव्हा उशाशी बसून राहिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. आणि जरा डोळे उघडले तर विचारते, "तापात तुम्ही तुमच्या मैत्रिणीचं नाव घेत होतात. माझं घेतलं नाहीत." काय बोलायचं या बाईला!

माझा दादा नगरपालिकेत पाणी सोडतो. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली जो व्हॉल्व्ह असतो ना, त्याला पाणीखात्यातली माणसं 'चावी' म्हणतात. ती फिरवायला एक उंच लोखंडी दांडा असतो, वरती आडवी मूठ. तो खांद्यावर टाकून दादा सकाळी बाहेर पडतो. आमच्या भागाला दोन चाव्या. एक खालच्या आळीची, म्हणजे आमची, ती आमच्या कोपऱ्यावर. दुसरी चढावरच्या वरच्या आळीची. दादा त्यांना 'खालची' आणि 'वरची' म्हणतो. खालची सोडली, वरची सोडली. दिवसभरात त्याच्या तोंडून एवढंच ऐकू येतं.

कारण दादा बोलत नाही. मुका नाही, घुम्या म्हणावा तर तसाही नाही, कुणावर राग नाही. पण बोलत नाही. लहानपणापासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. जेवताना 'वाढ' आणि 'पुरे'. घरी आल्यावर 'आलो'. जाताना तेही नाही, दार वाजलं की समजायचं गेला.

त्याचं आधी एक लग्न झालं होतं. ती बाई दवाखान्यात मलमपट्टी करते. दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. काही वर्षं ती आमच्या घरात राहिली, आणि एक दिवस जेवणं उरकल्यावर म्हणाली, "मी जाते." दादा म्हणाला, "बरं." झालं! लोकांचे संसार मोडतात तेव्हा भांडी फुटतात, नातेवाईक जमतात, वकील गब्बर होतात. इथे एका 'बरं'वर काम झालं. तिनं वरच्या आळीत खोली घेतली, तिथून दवाखाना जवळ पडतो म्हणून.

मग वहिनी आली. आल्या आल्या तिनं फर्मान काढलं, त्या बाईचं नाव या घरात निघणार नाही. ठीक आहे बाई, नाही काढत. पण माणसाला काहीतरी म्हणावं तर लागतंच. वरच्या आळीत राहते म्हणून वहिनी तिला 'वरची' म्हणायला लागली. तिचं ऐकून मीही. अशा आमच्या घरात दोन वरच्या झाल्या, एक दादाची आणि एक वहिनीची, आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

दुष्काळ पडेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. रोज पाणी यायचं. दादा जायचा, चाव्या उघडायचा, घरी यायचा. मग धरण आटलं. नगरपालिकेची गाडी भोंगा लावून फिरायला लागली. आधी एक दिवसाआड पाणी, मग दोन दिवसांआड. गाड्या धुवायच्या नाहीत, झाडांना पाइप लावायचा नाही, मोटर लावून पाणी खेचलं तर कनेक्शन तोडणार. गल्लीत लोकांची काय काय भांडी बाहेर आली! एकीनं तर बाळाचा टब लावला नळाला, आणि बाळ आता कॉलेजात आहे. आमच्याकडे अंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात, असं एकच पाणी घरभर फिरायचं.

पण लोक गप्प बसणारे थोडेच. कुणीतरी मोठा पाना घेऊन परस्पर चाव्या उघडायला लागलं. एक आळी भरून वाहायची, दुसरी कोरडी ठणठणीत. मारामारीपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा पाणीखात्याच्या साहेबांनी हुकूम काढला, की चावी उघडी असेल तोवर पाणी सोडणाऱ्यानं तिथून हलायचं नाही. तिथेच बसून राहायचं, बंद करूनच उठायचं.

आता वरची चावी कुठे असावी? बरोब्बर त्या बाईच्या दारासमोर, तिच्या पायरीला लागून! आणि चढावर पाणी रांगत रांगत चढतं, त्यामुळे वरच्या आळीला वेळही जास्त. म्हणजे दादा दर खेपेला पहिल्या बायकोच्या पायरीवर बैठक मारून बसायला लागला. तेही नगरपालिकेच्या हुकमानं. कुणाकडे तक्रार करणार?

वहिनीला हे कळलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दादा जेवायला बसला होता. ती ताट वाढून समोर उभीच राहिली.

"एवढा वेळ तिथे बसून करता काय?"

"पाणी सोडतो."

"आणि बोलता काय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? दोन माणसं समोरासमोर, एवढा वेळ, आणि काही नाही?"

दादा म्हणाला, "पुरे." म्हणजे भाजी पुरे. वहिनीला वाटलं, तिलाच गप्प केलं. ती तरातरा माझ्या खोलीत आली आणि कापडांच्या ढिगावर धपकन बसली.

"चहा देत असेल तर देऊ दे ताई," ती म्हणाली. "हसत असेल तर हसू दे. त्याचं मला काही नाही. पण बोलतात काय हो? माझ्याशी या माणसाचे शब्द इतकुसे. मी म्हणायचे, असतो एखाद्याचा स्वभाव. पण सगळे शब्द तिकडे खर्च होत असतील तर? मग मला कुठून उरणार?" आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी हसणार होते. नाही हसले.

दुसऱ्या दिवशी तिनं खाटेखाली बॅग भरून ठेवली. "तिथे काय बोलणं चालतं ते मला कळलं पाहिजे. आणि ते जर घरातल्यापेक्षा जास्त निघालं, तर मी माझ्या भावाकडे चालले. कायमची," असं तिनं मला सांगितलं. दादाला नाही सांगितलं. मी ती बॅग हलवून बघितली, चांगली जड होती. मी ती गुपचूप परत खाटेखाली सरकवली. एक बायको 'मी जाते' म्हणून गेली होती. दुसरीही तशीच म्हणाली आणि हा पुन्हा 'बरं' म्हणाला तर?

वहिनीनं मग बंदोबस्त सुरू केला. त्या पायरीवर बसायला नको म्हणून दादाला घडीचं स्टूल घेऊन दिलं. तिच्याकडे पाणी मागायला नको म्हणून बाटली, ओलं फडकं गुंडाळून. दादा मुकाट्यानं एका खांद्यावर दांडा, दुसऱ्या हातात स्टूल, गळ्यात बाटली, असा निघायचा. चौकातले लोक विचारायचे, "काय, सर्कस कुठे लागलीये?" दादाला त्याचं काही नाही. स्टूल दिलंय म्हणजे बसायला दिलं असेल, संपला विषय.

त्यात कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. तिला दुसऱ्याच्या घरात काडी टाकल्याशिवाय इस्त्री तापत नाही. वहिनीचे कपडे घडी करत म्हणते, "वरच्या आळीत पाणी छान येतं हो हल्ली. आणि तुमच्या वरचीच्या दारात कुंडी बघितलीत का? हिरवीगार! इथे माणसांना प्यायला नाही." झालं, वहिनी त्याच पावली घरी. बाटली रिकामी का येते याचा तिला आता उलगडा झाला होता.

"बाटलीतलं पाणी कुणाला घालता?"

"पितो."

"सगळं?"

"ऊन असतं."

तिचा विश्वास बसणार नव्हताच. आणि दादा बोलायचा थोडं, पण जे बोलायचा ते नेमकं आगीत तेल. एकदा घरी उशीर झाला. वहिनी दारातच. "का उशीर?" तर म्हणतो, "वरचीला वेळ लागतो." एकदा हाताला तेल लागलं होतं, "कशाचं तेल?" तर म्हणतो, "वरची कुरकुर करत होती, जरा तेल लावलं." अरे देवा! मी मशीनवर बसल्या बसल्या सुई बोटात घुसवून घेतली. वहिनीचा चेहरा तर पांढराफटक. मी म्हटलं, "अगं, चावी. चावीबद्दल बोलतोय तो." तर मला म्हणते, "तुम्ही भावाचीच बाजू घेणार."

शेवटी तिनं सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. दादा पाय धुऊन आत आला, तशी त्याच्या वाटेत उभी राहिली. "मला एकदाच सांगा. वरचीवर तुम्ही पाणी सोडलंय की नाही?"

म्हणजे तिचा नाद सोडलाय ना, संपलंय ना सगळं, असं तिला विचारायचं होतं. कुणालाही कळलं असतं. दादा शांतपणे म्हणाला, "सोडलं की. आत्ताच सोडून आलो. आता तिसऱ्या दिवशी परत सोडायचं."

वहिनी दोन दिवस माझ्या खोलीत झोपली.

मग एका सकाळी, नेमकी पाण्याचीच सकाळ, दादाच्या कंबरेत उसण भरली. वाकून चप्पल घालायला गेला आणि तसाच अर्धा वाकलेला राहिला. आम्ही दोघींनी धरून खाटेवर टाकला. घामानं निथळत होता. खात्यातला दुसरा माणूस धरणावर पाठवलेला, बदली कुणी नाही. पाणी वेळेवर सुटलं नाही तर दोन्ही आळ्या हंडे घेऊन कचेरीवर जाणार. आणि साहेबांनी नुकतंच सगळ्यांना बजावलं होतं, की आता कुणाची तक्रार आली तर थेट घरी बसवीन.

"मी जाते," वहिनी म्हणाली. दांडा तिनं हातात घेतलासुद्धा. मला कळलं, हिला पाण्याची काळजी आहेच, पण हिला ती पायरी बघायचीय.

दादानं डोळे मिटून, दात आवळून तिला समजावलं. इतकं लांबलचक बोलताना मी त्याला आधी ऐकलं नव्हतं. "खालची आधी. लोकांचं भरलं की बंद कर. मग वरची. आणि ऐक. वरची उलटी फिरते. जुनी आहे. जोर करायचा नाही तिच्याशी, हातात येईल."

वहिनीचा चेहरा असा उजळला! "काय म्हणालात? परत म्हणा."

"वरची उलटी फिरते."

"आणि?"

"जुनी आहे."

जिन्यावरून उतरताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. "ऐकलंत ना ताई? स्वतःच्या तोंडानं म्हणाले. उलटी फिरते! म्हणजे उलट बोलते, शब्द फिरवते. आणि जुनी म्हणाले हो, जुनी! हातघाईवर येते म्हणाले. बिचारे, किती सोसलं असेल, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत." मला वाटलं सांगावं, अगं बाई, तो चावीबद्दल बोलला असेल. पण किती महिन्यांनी ती हसत होती. म्हटलं, असू दे.

खालची चावी सुरळीत उघडली, सुरळीत बंद झाली. वहिनीला दांडा पेलत होता. गल्लीतल्या बायका वाहवा करत होत्या, "आता नगरपालिकेनं तुम्हालाच ठेवावं!" ती आणखीच फुलली. मग दांडा खांद्यावर टाकून आम्ही चढ चढलो. वरच्या आळीत दारादारात पाइप, बादल्या, पिंपं, माणसं वाट बघत उभी. आणि त्या पायरीवर ती बाई. दवाखान्यात जायच्या तयारीत, हातात किल्ल्या. थोडी जाड झाली होती, केस पिकले होते. मला बघून म्हणाली, "बरी आहेस? आणि तो का नाही आला?"

"ते आजारी आहेत," वहिनीनं मध्येच उत्तर दिलं. मग तिची नजर कुंडीवर गेली. खरंच हिरवीगार होती. "पाणीबंदीत कुंडी बरी टवटवीत ठेवलीये!"

"प्लॅस्टिकची आहे," ती बाई म्हणाली.

वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती तणतणत वाकली, झाकण बाजूला केलं, दांडा आत बसवला आणि खालची जशी फिरवली होती तशीच फिरवायला लागली. चावी जागची हलेना. तिनं पाय रोवले.

"अहो, ती उलटी आहे," ती बाई पायरीवरून म्हणाली.

"कोण उलटी आहे ते मला माहीत आहे!"

"नाही, म्हणजे दुसऱ्या बाजूला फिरवा. ही चावी उलटी बसवलेली आहे. मला ठाऊक आहे, आमचं लग्न झालं तेव्हा त्यानं..."

"तुम्हाला ठाऊक असणारच!" वहिनी ओरडली. आणि मनात होतं नव्हतं ते सगळं त्या मुठीवर टाकून तिनं दांडा ढकलला. मी "अगं थांब" म्हणते तोवर खालून कट् असा आवाज आला. मग दांडा कसा सैल, गरागरा फिरायला लागला, ना उघडणं ना मिटणं. आतली फिरणारी सळई, स्पिंडल, तुटली होती. चावी हातात आली होती.

पुढचं काय सांगू! आळी नुसती उसळली. कुणीतरी दादाला स्कूटरवर मागे घालून आणलं, तो कंबरेवर हात ठेवून कमानीसारखा उभा. तोवर साहेब आले. खाली वाकून बघितलं, कपाळाला हात लावला. "कुणी तोडली?"

"जुनी होती," दादा म्हणाला.

"कुणी फिरवली विचारतोय मी."

"मी."

साहेबांनी त्याच्या कंबरेकडे बघितलं, आणि वहिनीच्या हातातल्या दांड्याकडे बघितलं. ती बाई पायरीवरून उतरली. "त्यांनीच फिरवली, मी बघितलं," ती म्हणाली. "कंबर दुखत होती म्हणून या दोघी सोबतीला आल्या होत्या." आणि दाराला कुलूप लावून दवाखान्यात निघून गेली. दादाकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. साहेब चारचौघांत दादाला नको नको ते बोलले, पण घरी बसवलं नाही. नवा भाग यायला वेळ लागणार होता. तोवर वरच्या आळीनं खालच्या आळीत येऊन पाणी भरायचं, ज्याला जिथे जमेल तिथे, असं ठरलं.

घरी आल्यावर मी वहिनीला म्हटलं, "नशीब समज. नोकरी वाचली त्याची."

"वाचली हो. पण बघितलंत ना? दोघं एकच खोटं बोलले! एकमेकांकडे बघायचीसुद्धा गरज पडली नाही. आधी बोलणं झाल्याशिवाय असं जुळतं का कधी?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अगं, तुला वाचवायला बोलले ते दोघं! आणि तुला एक सांगते, उलटी फिरते म्हणाला ना दादा, ती चावी. ती बाई नव्हे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि जुनी?"

"चावी."

"वेळ लागतो, कुरकुर करते, तेल लावलं?"

"चावी, चावी, चावी!"

"म्हणजे तिच्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत? वाईटसुद्धा नाही?"

"काहीच नाही."

वहिनी मटकन खाली बसली. त्या सकाळी हातात आलेलं सुखही मीच काढून घेतलं होतं. ती म्हणाली, "मग तिथे पायरीवर बसून काय बोलतात, ते तसंच राहिलं की." बॅग अजून खाटेखालीच होती.

पुढच्या पाण्याला वरच्या आळीची माणसं हंडे घेऊन उतरली. ती बाई नेमकी आमच्या नळाशी आली. कुठे जाणार, खालच्या आळीत तिची ओळख होती ती आमचीच. वहिनी नळाशी पाइप धरून बसली होती. मला वाटलं, आता हंडा उडणार. पण वहिनी जागची उठली नाही. तिनं पाइप तिच्या हंड्यात सोडला, आणि मान वर करून तिला खालपासून वरपर्यंत बघत राहिली. मी खिडकीतच होते. दादा तिकडे कोपऱ्यावर चावीजवळ बसला होता, पाठमोरा.

हंडा अर्धा भरला. मग ती बाई म्हणाली, "एक विचारू? बोलतो का हो तो तुमच्याशी?"

वहिनीनं हंड्यातला पाइप नुसता सारखा केला.

"पहिल्या दिवशी तो माझ्या पायरीवर येऊन बसला," ती बाई सांगायला लागली, "तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. इतकी वर्षं झाली, निदान बरी आहेस का विचारेल. मी दवाखान्याला उशीर करून दाराआड उभी राहिले. नाही बोलला. चावीकडे बघत बसला. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला तेच. मग त्याच्यासोबत स्टूल यायला लागलं, बाटली यायला लागली, ओलं फडकं गुंडाळलेली. तेव्हा मला कळलं, याच्या घरात बोलणं असणार. जिथे माणसाची इतकी काळजी करतात तिथे तो बोलतच असणार. म्हणजे बोलता येतं त्याला. फक्त माझ्याशीच जमलं नाही." ती थोडी हसली. "खरं सांगते, फार हेवा वाटला मला तुमचा."

मी खिडकीशी आणखी सरकले. वहिनीला जे हवं होतं ते हेच की! तिकडे एक शब्दही खर्च झाला नव्हता. आता म्हणेल, "नाही हो बाई, माझ्याशीही नाही बोलत," आणि दोघी मिळून त्याच्या नावानं बोटं मोडतील, असं मला वाटलं. मला तर तेच बघायचं होतं.

वहिनी ताठ झाली.

"बोलतात की!" ती म्हणाली. "घरात आले की तोंडाला खळ नाही. इतकं बोलतात, इतकं बोलतात, की कधी कधी म्हणते, आता पुरे करा, झोपू द्या मला."

ती बाई हंड्याकडे वाकली. "बरं झालं," म्हणाली. भरलेला हंडा तिनं कंबरेवर घेतला आणि रिकामी कळशी हातात.

"कळशी राहिली की तुमची," मी खिडकीतून म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली आणि चढाकडे चालायला लागली. कोपऱ्यावर दादाच्या मागून गेली. त्यानं वळून बघितलं नाही, तिनंही नाही.

जिंकली होती माझी वहिनी. वरचीला चारी मुंड्या चीत केलं होतं. पण ती नळाशी तशीच बसून राहिली, पाइप हातात. पाणी भरलेल्या पिंपावरून वाहून तिच्या पायांवर, तिथून गटारात चाललेलं. असल्या दुष्काळात! मी धावत जाऊन तोटी बंद केली. तिला ते कळलंच नाही.

संध्याकाळी तिनं दादाला जेवायला वाढलं. उभी नाही राहिली, समोर बसली.

"अहो," ती म्हणाली, "काहीतरी बोला ना."

"काय?"

"काहीही."

दादाचा घास हातातच राहिला. माझं मशीन चालू होतं, ते मी पायानंच हळू केलं, मग थांबवलं. मला वाटलं, आता म्हणेल 'पुरे', आणि ही उठून बॅग काढेल.

"धरण बघितलंस का तू?" दादा म्हणाला.

"नाही."

"तळ दिसतोय."

"हो?"

"खाली जुना रस्ता होता. तो वर आलाय. धरण व्हायच्या आधीचा." तो पुन्हा थांबला. वहिनी हलली नाही, त्याच्याकडे बघत राहिली. "पूल आहे एक. दगडी. अजून शाबूत आहे. कठड्यावर गाळ आहे नुसता. कंबर धरायच्या आधी एकदा पाणी मोजायला गेलो तर उतरलो खाली, चालत गेलो त्या रस्त्यानं."

"मग?"

"मग काही नाही. त्या रस्त्यानं मी लहानपणी गेलोय. बाबांच्या सायकलवर."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत!" वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "पुढे बसायचात?"

"पुढे, दांडीवर. पुलावर आलो की बाबा घंटी वाजवायला द्यायचे मला. खाली नदी असायची. वास यायचा पाण्याचा." आणि तो सांगत राहिला. अडखळत, एकेक शब्द उचलून, पण सांगत राहिला. ताटातलं गार झालं. वहिनी हनुवटी गुडघ्यावर टेकून ऐकत होती, आणि मध्ये मध्ये नुसतं "आणि मग?" म्हणत होती.

मी पलीकडच्या खोलीत अंधारात बसले होते. दिवा लावायला उठले नाही. मला बोलावलं नाही कुणी. त्या सायकलवर मागे कॅरियरला मी होते, बाबांचा सदरा घट्ट धरून. दादानं ते सांगितलं नाही. आणि आणखी कोण होतं म्हणून वहिनीनंही विचारलं नाही.